माहेरवाशिणींच्या बाजूनं

माझ्या अंगाला चालणं मानवत नाही. हे मी बोर्लीच्या डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते चष्म्यावरून माझ्याकडे बघतच राहिले. साखर काठावर आली होती, वजनानं तर काठ कधीच ओलांडला होता, आणि डॉक्टरांचं म्हणणं एवढंच की ताई, तुम्ही दिवेआगरला राहता, एवढा मोठा किनारा दारात आहे, सकाळचं चाला की जरा. लोक मुंबईहून गाड्या काढून तिथं चालायला येतात. म्हणजे चूक माझीच.

चालले. खोटं कशाला सांगू, दिवाळीपासून नेमानं चालले. सुरूच्या बनापासून टोकाच्या खडकांपर्यंत आणि परत. किनाऱ्यावरची कुत्री माझ्या ओळखीची झाली, वजन मात्र जागचं हललं नाही. डावा खुबा ठणकायचा, आणि डोक्यात सगळा वेळ आमचं होमस्टेचं रहाटगाडगं: पाहुणे उठले असतील का, घावनाचं पीठ पुरेल का, गॅस आज संपतोय की उद्या. घरी आले की भूक अशी खवळलेली असायची की ओट्याशी उभ्या उभ्याच घावनं हाणायची. नवरा म्हणायचा, "तू चालायला जातेस की भूक आणायला जातेस?" त्याला बोलायला काय जातंय! त्याच्या अंगाला काहीही चालतं. सुपारीच्या झाडासारखा सरळसोट जन्मला आणि तसाच राहिला.

माझा राग मात्र वेगळ्याच गोष्टीचा होता. हे अंग पूर्वी कसं होतं ते मला आठवत होतं. एखादीला आठवतच नसेल तर सोपं असतं, जे आहे ते आहे म्हणून बसता येतं. मला आठवत होतं.

मी मूळची रेवसकडची, भातशेतीवाल्या घरातली. आमच्या त्या भागात कबड्डी शिकवावी लागत नाही. भात कापून शेत मोकळं झालं की फक्कीच्या रेषा मारायच्या आणि खेळायचं. शाळेच्या संघात मी चढाई करायची. दम घुमवत पलीकडे जायचं, हात लावायचा, परत यायचं. आणि बचावाला उभं राहायचं तेव्हा माझ्या डाव्या हाताला कोपऱ्यात ती असायची, माझी मैत्रीण. आमची घरं पाठीला पाठ लावून होती. ती बुटकी, रुंद, बोलायला कमी आणि धरायला घोरपड. तिनं एकदा घोटा पकडला की समोरची बाई देवाचं नाव घ्यायची. दोघी हातात हात धरून उभ्या राहायचो, आणि ती कधी झेपावणार ते मला तिच्या हातावरून कळायचं. तोंडानं कधी काही सांगावं लागलं नाही.

आमच्या गावात माघातल्या जत्रेला पालखी फिरली की दुसऱ्या दिवशी दुपारी बायकांचा सामना होतो, माहेरवाशिणी विरुद्ध सुना. गावात दिलेल्या सुना एकीकडे, आणि लग्न होऊन बाहेर गेलेल्या, जत्रेला माहेरी आलेल्या लेकी दुसरीकडे. हरेल त्या बाजूनं रात्रीच्या पंगतीला वाढायचं. कुणी पदर खोचून उतरते, कुणी नवऱ्याची ट्रॅकपँट घालून. सासवा रेषेबाहेर बसून स्वतःच्याच सुनेला शिव्या घालतात, "धर ना मेले, भाकऱ्या थापतेस का तिथं!" फक्त एक होतं. लग्न न झालेल्या पोरींना त्या सामन्यात घेत नसत. तालुक्याहून बक्षिसं आणणाऱ्या आम्ही दोघी, आणि आम्हाला बाहेर बसून टाळ्या वाजवायच्या! जीव नुसता तडफडायचा. तेव्हाच ठरवलेलं, लग्नं होऊ देत, मग माहेरवाशिणींच्या बाजूनं दोघी मिळून अशा उतरू की सुनांना पळता भुई थोडी होईल.

लग्नं झाली. माझं इथं खाली दिवेआगरला, तिचं गावातच, चार घरं सोडून. माघ म्हणजे इकडे सुपाऱ्यांचा हंगाम आणि पुढे पुढे तर पाहुण्यांचाही. कधी पोटात मूल, कधी सासूचं दुखणं. एका वर्षी निघाले होते, तर दिघीच्या खाडीतली बोटच बंद. बघता बघता आईवडील गेले, भावानं घर विकून पनवेलला फ्लॅट घेतला. म्हणजे मी माहेरवाशीण, आणि माझं माहेर सहाव्या मजल्यावर, लिफ्टनं जायचं. गावात पाय ठेवायला कारण उरलं नाही.

तिचा नवरा गेला तो लॉकडाऊनमध्ये. मला फोनवर कळलं. रस्ते बंद, बोटी बंद, आणि आमच्याकडे तर वादळानं सगळी वाडी आडवी केलेली. फोन केला तर ती नुसतं "हां" म्हणत होती आणि मला पुढे काय बोलावं ते सुचेना. समोर असते तर काही बोलावंच लागलं नसतं. त्यानंतर आमचं बोलणं म्हणजे सकाळी मोबाईलवर फुलांचं चित्र. ती गुलाब पाठवायची, मी जास्वंद. पुढची कित्येक वर्षं दोन बायका एकमेकींना फुलं पाठवत राहिल्या.

तर मी अशी चालून चालून कावलेली, आणि त्या माघात गावच्या बायकांच्या ग्रुपवर जत्रेचे फोटो आले. खाली तिचा एक संदेश, मला उद्देशून: "पुढच्या वर्षी ये. आपलं खेळायचं राहिलंय."

मी तो ओट्याशी उभी राहून वाचला. तव्यावरचं घावन करपलं. मला खेळायचं होतं हे खरं, पण त्याहून खरं सांगायचं तर मला पुन्हा एकदा तिच्या शेजारी उभं राहायचं होतं. तिची आठवण येत होती, दुसरं काही नाही. आठवण एवढी वर्षं येतच होती, पण आता ती कुठल्या दिवशी आणि कुठल्या जागी पुरी होणार ते कळलं होतं. आणि तिथं हे असं धापा टाकणारं अंग घेऊन मी जाणार नव्हते. एक चढाई. एका दमात पलीकडे जायचं आणि त्याच दमात परत यायचं. तेवढं अंग मला पाहिजे होतं.

बोर्लीला बाजारात, रंगाच्या दुकानावर एक जिम निघाली होती. तिथं गेले. चालवणारा म्हसळ्याकडचा, सगळे त्याला सर म्हणतात, दंड असे की शर्टाच्या बाह्या रडकुंडीला आलेल्या. मला बघून तो अदबीनं म्हणाला, "काकू, टेन्शन नका घेऊ, तुम्हाला लेडीजचं शेड्यूल देतो." लेडीजचं शेड्यूल म्हणजे अर्धा तास ट्रेडमिल आणि मग गुलाबी डंबेल. एवढे हलके की त्याच्यापेक्षा माझ्या जात्याचा खुंटा जड. ते घेऊन हात वर, हात खाली, हात वर, हात खाली, वीस वेळा, परत वीस वेळा. आणि ट्रेडमिल म्हणजे तेच चालणं, फक्त समुद्राच्या जागी रंगाच्या डब्यांची जाहिरात. खुबा पुन्हा ठणकायला लागला.

एक दिवस माझं टाळकं सरकलं. म्हटलं, "सर, मी दोन हंडे डोक्यावर आणि एक काखेत घेऊन वाढलेली बाई आहे. हे गुलाबी घुंगूर मला देऊ नका."

त्याला राग आला नाही, उलट हसला बिचारा. आणि तो दुसऱ्या टोकाला गेला. स्वतःचं शेड्यूल मला लावलं. आज छाती, उद्या पाठ, परवा पाय, तेरवा खांदे. मला ते आवडलं, न आवडायला काय! लोखंड हातात आलं की बरं वाटायचं. पण अंग कोरडं ठणठणीत लाकूड होत चाललं. खाली बसून नारळ सोलायला बसले तर उठता येईना. जिने चढायला सोपे, पण कुणी हाक मारली तर मान वळेना, अख्खी बाई वळवावी लागायची. आणि रोज रोज जड उचलायचं म्हणजे अंगाला दम घ्यायला दिवसच नाही. मे महिन्यात, ऐन पाहुण्यांच्या गर्दीत, पाठीत अशी चमक भरली की नवऱ्यानं मला उचलून खाटेवर टाकलं. टाकताना म्हणाला, "वजन कमी झालंय बरं का." अशा वेळी सुद्धा माणसाला विनोद सुचतो!

मुलगी पुण्याला शिकते. तिनं फोनवर उपाय सांगितला. "आई, जिम सोड, घरी कर," म्हणत तिनं व्हिडिओ पाठवला. त्यात एक कोवळी पोर हसत हसत उड्या मारत होती. मीही पाठ बरी झाल्यावर दार लावून घेतलं आणि उड्या मारल्या. आता स्पष्टच सांगते. दोन बाळंतपणं झालेल्या बाईला उड्या मारायला सांगणाऱ्यांनी आधी तिला विचारावं तरी. दुसऱ्याच उडीला मी मोरीकडे पळाले. आणि गुडघा सुजला तो वेगळाच. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

पावसाळ्यात मी सगळं सोडून दिलं. हे अंग आता असंच राहणार, असं मनाशी धरून चालले. रात्री निजताना ते शेत डोळ्यांसमोर यायचं, फक्कीची रेषा, डाव्या हाताला ती, आणि मी नवऱ्याकडे पाठ करून रडायची. कुणाला सांगणार? पंचेचाळिशी उलटलेली बाई कबड्डीसाठी रडते म्हटलं तर गावभर हसं. नवऱ्याला ऐकू यायचं. तो पांघरूण नीट करायचा.

श्रावणात एका दुपारी वारा सुटला आणि आमच्या वाडीत झावळ्या पडल्या त्या नेमक्या पाटावर. पाणी तुंबून नव्या पोफळींच्या मुळाशी साचायला लागलं. ही झाडं आम्ही वादळानंतर एकेक करून लावलेली, त्यांची माया वेगळीच. नवरा श्रीवर्धनला गेलेला. मी साडी खोचली आणि एकेक ओली झावळी धरून कुंपणापर्यंत ओढायला लागले. ओली झावळी काय जड असते ते ओढणाऱ्यालाच माहीत. जोर लावायचा, एका झपाट्यात कुंपण गाठायचं, टाकायची, मग कमरेवर हात ठेवून उभं राहायचं, छाती खाली बसेपर्यंत. मग सावकाश चालत परत. मग पुन्हा झपाट्यात.

सगळा पाट मोकळा झाला तरी मला थांबावंसं वाटेना. मग एक मोडका ओंडका होता तो ओढला. तो काढायची काही गरज नव्हती. आणि ओढता ओढता माझ्या ध्यानात आलं, मी तोंडानं पुटपुटतेय. दम घुमवत होते, बाई! मला कळायच्या आधी अंगाला कळलं होतं. खुबा गप्प. गुडघा गप्प. पाठ तर अशी मोकळी जशी कुणी तेल लावून रगडली.

मी चिखलात तशीच उभी राहिले आणि स्वतःलाच शिव्या दिल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा! वादळाच्या वर्षी आम्ही वर्षभर पडकी झाडं ओढत होतो, तेव्हा जीव नकोसा झालेला, पण अंग मात्र कधी कुरकुरलं नव्हतं. हे मला त्याच वेळी कळायला हवं होतं. पण तेव्हा दुःख एवढं होतं की अंगाकडे लक्ष कुणाचं!

दुसऱ्या दिवशी जिममध्ये जाऊन सरांना सगळं सांगितलं. हातवारे करून दाखवलं सुद्धा. तो नीट ऐकत होता. मग खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "काकू, लहानपणी काय खेळायच्या तुम्ही?" कबड्डी म्हटल्यावर त्यानं कपाळावर हात मारला. "आधी नाही का सांगायचं! तुमची बॉडी झटक्याची आहे. झटका मारायचा, थांबायचं, पुन्हा मारायचा. तुम्हाला लांबण लावली की ती रुसणार. आणि रोज रोज तर नाहीच." त्यानं तिथंच नवीन ठरवलं. आठवड्यातून दोनच दिवस वजन, ते जड, पण थोड्याच वेळा उचलायचं आणि दोन खेपांच्या मध्ये पोटभर विसावा. जमिनीवरून दांडी उचलायची. दोन्ही हातांत जड डंबेल घेऊन खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला चालायचं. कार्डिओ म्हणजे वाळूवर छोटी धाव, मग चालत परत, श्वास जागेवर आला की पुन्हा. बाकीचे दिवस वाडीतलं काम आणि झोप. मी म्हटलं, "विसावा घेऊ देताय? मग मी करते." विसावा हा व्यायामाचाच भाग असतो हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर अर्धं वर्ष वाचलं असतं.

ओहोटीला ओली वाळू घट्ट असते, पाय रुतत नाही आणि लागतही नाही. मी सकाळी पाहुण्यांच्या चहाआधी जायची. सुरूच्या झाडांपासून पाण्यापर्यंत दम घुमवत धावत जायचं, पाण्याला पाय लावायचा, आणि त्याच दमात परत फिरायचं. सुरुवातीला पाण्यापर्यंतच दम संपायचा. नंतर परतीच्या वाटेवर संपायला लागला. मुंबईच्या एका पोरानं माझा व्हिडिओ काढला, त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं तो माझ्यासमोरच पुसला. आणि गणपतीनंतर, एका सकाळी, मी झाडाला हात लावला तेव्हा माझ्या तोंडात अजून कबड्डी होती. मी तिथंच फतकल मारून बसले. एवढं हसू आलं की कुत्री जवळ येऊन बघायला लागली.

नवी साखर बघून डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "बघा, चालण्याचा फायदा!" मी मान डोलावली. त्यांनाही बरं वाटू दे.

पुढच्या माघात नवऱ्यानं स्वतःच पाहुण्यांना नाही म्हणून सांगितलं आणि सकाळी मला गाडीत घातलं. दिघीहून बोटीनं आगरदांडा, तिथून मुरूड, अलिबाग, पुढे रेवसचा रस्ता. संध्याकाळच्या शेवटच्या बोटीनं परतायचं ठरलेलं, कारण तिकडे राहणार कुठे? वाटेत मी मनातल्या मनात आमची साखळी लावत होते. डावा कोपरा तिचा. तिच्या शेजारी मी. मुरूडला गाड्यांची ही रांग, थळच्या पुढे रस्त्याचं काम, पोचलो तेव्हा सामन्याची शिट्टी व्हायला आलेली. आमच्या घराच्या जागेवरची नवी भिंत मी बघितलीच नाही, मान दुसरीकडे केली.

शेताच्या कडेला नावं सांगायला गेले. नावं घेणारी म्हातारी म्हणजे गावची जुनी पकड करणारी, आता दात नाहीत पण आवाज तोच. मी माझं सांगितलं आणि विचारलं, "माझी मैत्रीण आली का? तिला माझ्या डाव्या हाताला ठेवा."

"कोन? ती?" म्हातारीनं हातानं पलीकडे दाखवलं. "ती तं सुनांची कप्तान हाय."

मला वाटलं चेष्टा करतेय. "अहो, ती गावची लेक ना! माझ्या पाठच्या घरात जन्मली."

"जल्मली कुठं ते न्हाय बघायचं बाय. भात कुठल्या चुलीवर शिजतो ते बघायचं. गावात दिली ती सून. ही काय आजची रीत हाय?"

नव्हती आजची. मीच ह्या गावची असून विसरले होते. लहानपणी बाहेर बसून बघताना हे शंभरदा बघितलेलं असणार, पण माझ्या मनात लेक ती लेक. एवढं वर्षभर लोखंड उचललं, वाळू तुडवली, आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की ती समोर असेल. ती सुद्धा काही बोलली नव्हती. तिनं लिहिलेलं फक्त, खेळायचं राहिलंय.

पलीकडे डाव्या कोपऱ्यात ती उभी होती, सुनांच्या पिवळ्या टी-शर्टात. केस बरेच पांढरे. अजून तशीच रुंद, पण खांदे खाली आलेले. तिनं मला बघितलं आणि हात वर केला, बस, एवढंच. मी पण केला. माझ्या डाव्या हाताला पोयनाडला दिलेली कुणी एक तरणी लेक उभी होती. चांगली होती बिचारी, पण तिचा हात धरला आणि मला तो सोडून द्यावासा वाटला.

सामना झाला त्यातलं मला फारसं आठवत नाही. एवढं आठवतं की आम्ही मागे पडत होतो आणि सुनांच्या सासवा खुशीत होत्या. मग म्हातारी बाहेरून ओरडली, "आता त्या दिवेआगरवालीला पाठवा! वाळूवर पळते म्हनं ती!" ग्रुपवर कुणीतरी सांगितलं असणार. नवरा रेषेबाहेर उभा, खाली मान घालून. त्यालाच विचारायला हवं.

दम भरला आणि गेले. पाय हलके होते. खरंच हलके होते! आत गेल्यावर उजवीकडच्या दोघी मागे सरल्या, एकीला बोट लागलं, गर्दी ओरडली, आणि मी वळले. वळताना डावा पाय जरा मागे राहिला. राहिला की ठेवला, ते मला आजही सांगता येणार नाही. त्याच क्षणी घोट्याला ती पकड बसली. ती कुणाची ते खाली न बघता कळलं.

तरी मी पडले नाही. पाठीनं आणि मांड्यांनी जोर लावला, दांडी उचलायचे तसा, आणि तिला ओढत निघाले. अजून एक सून कमरेला लटकली, तिलाही घेऊन निघाले. माहेरवाशिणी किंचाळत होत्या. तोंडात दम चालू होता, छातीत अजून शिल्लक होता, मला माहीत होतं ना तो किती पुरतो ते. गुडघ्यावर आले, मग पोटावर. मधली रेषा हातभर, मग वीतभर. नुसता हात लांब केला की झालं, तिघी बाद आणि आम्ही पुढे.

मी मागे वळून बघितलं. ती मातीत आडवी, माझा घोटा छातीशी धरलेला, डोळे मिटून घेतलेले. जोर लावून नव्हते मिटले. बाई दमून निजते तसे मिटले होते. तिच्या तोंडावर माती, पापण्यांवर माती. एवढ्या वर्षांत मी तिला एवढ्या जवळून बघितली नव्हती.

"कशी हायस गो तू?" मी म्हटलं.

कबड्डी थांबली. शिट्टी वाजली. बाद! आमच्या बायकांनी कपाळं बडवून घेतली. "बोलली का गो मेली! वीतभर तं राहिलं होतं!" म्हातारीनं मला जी शिवी घातली ती इथं लिहिण्यासारखी नाही. कमरेची सून उठून कपडे झटकत गेली. पंच पुढचा डाव सुरू करायला दोनदा ओरडला.

तिनं घोटा सोडला नव्हता. डोळे उघडले आणि तशीच पडल्या पडल्या, मलाच ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली, "न्हाय गो बरी. राहशील का आज?"